एंटरच्या बटणावरचं पांढरं बोट

बोईसर-तारापूर पट्ट्यात सध्या एकच गुप्तहेर हयात आहे आणि तो म्हणजे मी, खंडेराव. नजर तीक्ष्ण, बुद्धी त्याहून तीक्ष्ण, आणि नम्रता तर विचारूच नका. दिवसा मी एका रसायनांच्या कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत असतो, पण ते वेषांतर आहे. ते इतकं हुबेहूब जमलंय की त्याचा पगारही मिळतो. माझी सहायक म्हणजे माझी बायको साखरबाई. ही नेमणूक तिला अजून कळवलेली नाही.

आम्ही बेटेगावात भागीताईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. प्रकरण घडलं ते त्यांच्याच घरात, त्यांच्या मुलाच्या, रूपेशच्या लग्नाच्या आदल्या सकाळी. रूपेशची आजी नवसी ही धवलेरी, म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई, आणि ते लागतं तिच्या गाण्यांनी. पण ऐन वेळी आजीचा घसा बसला. तोंड उघडलं की नुसती हवा यायची. तिच्या जागी गायला नात दीपिका, रूपेशची बहीण, सफाळ्याहून, सासरहून, आली होती. आजीची गाणी तिने मागेच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली होती आणि आता ऐकून ऐकून ती पाठ करत होती. निम्मी झाली होती. सकाळी लॅपटॉप उघडला, तर फोल्डर रिकामं.

"काका, एक बी गानं नाय," दीपिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उद्या मी काय गाऊ? आजीला तं बोलता पन येत नाय."

"कुणीही कशाला हात लावू नका!" मी गरजलो आणि पाट ओढून त्यावर बसलो. पाटावर ओली हळद होती, हे मला उठल्यावर कळलं.

साखरबाईचा चष्मा भिंगासारखा धरून मी लॅपटॉपची पाहणी केली. एंटरच्या बटणावर एक पांढरा डाग होता. सामान्य माणसाला तो डाग वाटला असता.

"पांढरी पावडर," मी म्हणालो. "औद्योगिक रसायन. चोर कारखान्यातला आहे."

"खंडूभाऊ," भागीताई म्हणाल्या, "माजा फोन कालपासून सारका टुंग टुंग करतंय. जागा भरली, जागा भरली म्हनतंय."

"ताई, पाहुण्यांच्या जागेचं नंतर बघू. तपास चालू आहे."

रसायनाच्या कारखान्यात माझ्याशिवाय या घरातला एकच माणूस कामाला जातो, तो म्हणजे खुद्द नवरदेव. म्हणजे रूपेशला लग्नच नको असणार! मी मांडवात गेलो. तो शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावत होता आणि शीळ घालत होता. त्याने मला वायरीचं एक टोक धरायला दिलं. मी बराच वेळ ते धरून उभा राहिलो. इतका खूश माणूस मला संशयास्पदच वाटतो, पण पुरावा हाती आला नाही. वायर तेवढी आली.

मग डीजेवाला कमलेश. आजीची गाणी गायब झाली तर रात्रभर त्याचेच स्पीकर वाजणार. मी त्याला थेट हटकलं.

"मामा," तो म्हणाला, "धवलेरी गायली नाय तं लगीन लागनार नाय. लगीन लागला नाय तं माजा डीजे कोन वाजवील?"

मी हे तर्कशास्त्र उलटसुलट करून पाहिलं. बिनचूक होतं. मला फार राग आला.

घरात येऊन मी शेवटचा सिद्धांत मांडला. आजीनेच गाणी उडवली असावीत, कारण आपली जागा दुसरीने घेतलेली कुणाला आवडते? आजीला बोलता येत नव्हतं, पण तिने भिरकावलेली पळी माझ्या कानाजवळून गेली. नेम शाबूत होता.

दीपिका कोपऱ्यात बसून आठवतील त्या ओळी पुटपुटत होती आणि मध्येच अडत होती. तेव्हा मात्र मला मनापासून वाईट वाटलं. या पोरीचा उद्या भर मांडवात आवाज अडला असता, आणि मी चष्मा धरून हिंडत होतो.

"अहो," साखरबाई म्हणाली, "भागीताईंचा फोन तरी बघा एकदा."

दीपिकानेच तो घेतला, एक-दोनदा बोट फिरवलं, आणि फोनमधून नवसीआजी गायला लागली. खणखणीत, पूर्वीच्या आवाजात. स्वतः आजी दचकून इकडेतिकडे बघू लागली.

"आईच्या फोनमदे मी माजाच ईमेल टाकलेला," दीपिका रडता रडता हसत म्हणाली. "गानी लॅपटॉपवरून क्लाउडवर गेली, इंटरनेटवर. म्हनून हितं दिसतात. पन ती आपली आपन जात नाय. जागा कमी हाय, फायली हलवू का, असा तो आदी विचारतो. कोनीतरी हो बोललंय."

"तोच आपला गुन्हेगार!" मी ओरडलो.

साखरबाई भिंतीकडे बघत होती. तिथे तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखला होता, आणि त्याचा एक कोपरा फिसकटला होता.

"काल संध्याकाळी ओला आहे का बघायला चौकाला बोट कुणी लावलं?" ती म्हणाली. "आणि लॅपटॉप हळू चालतोय, मी बघतो म्हणून तेच बोट त्याच्यावर कुणी चालवलं?"

मला लख्ख आठवलं. स्क्रीनवर चौकटी येत होत्या आणि मी न वाचता हो, हो करत होतो. गेटवर ट्रकवाला पास पुढे करतो, मी शिक्का मारतो. वाचत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल. माझ्याच शिक्क्याने नवसीआजी गेटबाहेर गेली होती.

तेवढ्यात लॅपटॉपवर नवी चौकट उमटली. माझं बोट आपोआप पुढे गेलं.

"हात नको लावू!" सगळ्या एकदम ओरडल्या. त्यात आजीही होती. तिचा आवाज तेवढ्यापुरता परत आला.

दुसऱ्या दिवशी चौकासमोर दीपिका गायली. एकदाही अडली नाही. आजी शेजारी बसून मान डोलवत होती. मी मागे उभा होतो, साखरबाईच्या हुकुमाने दोन्ही हात खिशात घालून. एका गाण्याला माझे डोळे भरून आले. डोळे पुसायला एक हात बाहेर काढू का, असं मी तिला विचारलं.

तिने हो म्हणण्याआधी नीट विचार केला.