मी बसले होते!

"एक प्रश्न विचारायची टाप नाही त्यांची! माझं भाषण ऐकूनच गार पडतील!" मित्रांना असं ठणकावून पोपट चौकशी समितीच्या दाराबाहेर बाकावर बसला खरा, पण बसल्या बसल्या तेच भाषण पुन्हा पुन्हा पुटपुटायला लागला.

ऐकलेलं, वाचलेलं सगळं जसंच्या तसं पाठ व्हायचं, म्हणून कॉलेजात त्याचं नाव पोपट पडलेलं. पण 'आमचा जिना' हा निबंध मात्र त्यानं खरोखर स्वतः लिहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच! आणि तो इतका झकास उतरला, की भाषेच्या बाई म्हणाल्या, "पोपट असं लिहील? शक्यच नाही. चोरलाय!" चोरी सिद्ध झाली की वर्ष बुडणार. आणि घरी बाबांना अजून काही पत्ताच नव्हता!

मग वकिलाकडे नोकरीला असलेली थोरली ताई धावून आली. तिनं बचावाचं फर्मास भाषण स्वतःच्या आवाजात फोनवर पाठवलं. "तू फक्त पाठ कर रे बाबा. तेवढं तुला जमतं." पोपटनं ते इतकं घोकलं, की झोपेतही बडबडायला लागला.

आत उपप्राचार्य, भाषेच्या बाई आणि सारखे जांभया देणारे ग्रंथपाल बसले होते.

"बोल," उपप्राचार्य म्हणाले.

पोपटनं डोळे मिटले आणि सुरू झाला. "आदरणीय समिती! खोटेपणा माझ्या रक्तातच नाही! या निबंधासाठी मी रात्र रात्र जागले. तासन्‌तास जिन्यात बसले होते..."

ग्रंथपालांची जांभई अर्ध्यात अडकली. "कोण बसले होते?"

"मी!"

"तू बसले होते?"

पोपटनं खाडकन डोळे उघडले. चूक कबूल करावी, तर भाषण ताईचं हे फुटणार! "आमच्या घरी... सगळे असंच बोलतात."

"बाबासुद्धा?" बाईंनी विचारलं.

"बाबा तर जास्तच!"

उपप्राचार्यांनी फोन पुढे ओढला. "मग त्यांनाच विचारू या. नंबर सांग."

संपलं सगळं! पोपट पुढचं भाषणही साफ विसरला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. फट्... सर्र. फट्... सर्र.

"शिपाईकाका!" पोपटच्या तोंडून निघून गेलं. "डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, म्हणून पाय घासतायत. आणि एवढे जपून येतायत म्हणजे हातात चहा आहे. काठोकाठ!"

दार उघडलं. डावी चप्पल फरफटत शिपाईकाका आत आले. हातातल्या ट्रेमध्ये चहाचं तळं झालं होतं.

बाई बघतच राहिल्या. "अहो, निबंधात हेच तर आहे! पावलांवरून माणसं ओळखणं! निबंध याचाच आहे हो!"

उपप्राचार्यांनी फोन बाजूला सारला. पोपटच्या जिवात जीव आला. तो दाराकडे सटकणार, एवढ्यात मागून उपप्राचार्यांचा आवाज आला.

"थांब. निबंध तुझा. मग भाषण कोणाचं?"

"...ताईचं."

"वा! प्रामाणिकपणाच्या चौकशीत उसनं भाषण! आता 'मी थाप का मारली' यावर निबंध लिहून आण. स्वतःचा! आणि खाली बाबांची सही हवी."

बाहेर येतो न येतो तोच ताईचा फोन. "काय रे, सुटलास का?"

"सुटले गं ताई, सुटले!" पोपट रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण बाबांच्या तावडीत सापडले!"