कुटुंबप्रमुखाचे पॉइंट

तिन्ही विमान कंपन्यांच्या जागा पाच वाजेपर्यंतच धरून ठेवतो, असं तिकीटवाल्याने सकाळीच बजावलं होतं. आता साडेतीन वाजून गेले होते आणि काटेसाहेब अजून त्या कंपन्यांच्या तक्त्यात मान खुपसून बसले होते.

काटेसाहेबांची नोकरी वजनकाटे तपासण्याची. दुकानातला काटा लागोपाठ तीनदा तोच आकडा दाखवेपर्यंत त्यावर शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा बाणा, आणि तो ते घरातही सोडत नसत. सासरची मंडळी त्यांना पाठीमागे 'काटेसाहेब' म्हणत. बायको तोंडावर म्हणे.

साहेबांची आई राहायची चौदा तासांच्या विमानप्रवासाइतकी लांब, एकटी. दर वर्षी सुट्टीत चौघांनी तिच्याकडे जायचं, हा शिरस्ता. जातोच आहोत तर एखाद्या विमान कंपनीचं सभासद व्हावं, पॉइंट साठवावेत आणि त्या पॉइंटांवर एकदा आईलाच इकडे आणावं, असा साहेबांचा बेत होता. बेतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त कंपनी कुठली, हे अकरा वर्षं ठरत नव्हतं. एकीचे पॉइंट भराभर साठत, पण दोन वर्षांत मरत. दुसरीचे मरत नसत, पण मुंगीच्या पावलांनी साठत. तिसरीची विमानं नको त्या वेळी सुटत. गेल्या वर्षी तर हा घोळ इतका लांबला की जागाच संपल्या आणि जाणं राहून गेलं. "असू दे रे," एवढंच आई फोनवर म्हणाली होती. ते 'असू दे' त्यांना वर्षभर टोचत होतं. यंदा नक्की येणार, असा त्यांनी तिला शब्द दिला होता.

"आधी तिकिटं काढा. पॉइंट काय, मागाहून येतील," बायको म्हणाली.

"मागाहून येत नाहीत. नियमावलीचं पान चार. सभासद क्रमांक आधीच द्यावा लागतो."

"मग घ्या की कुठला तरी एक."

"कुठला तरी एक घ्यायचा म्हणून मी तुझ्याशी..." साहेब वेळीच सावरले. "तुझ्याशी बोलत बसलो तर पाच वाजतील."

चार वाजता अखेर दुसऱ्या कंपनीवर शिक्का बसला. साहेबांनी नाव, पत्ता, जन्मतारीख भरली, तीनदा वाचली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं : आपण आधीच सभासद आहात.

"मी कशाचाच सभासद नाही," साहेब पडद्याला म्हणाले. "वाचनालयाचासुद्धा नाही."

थोरल्या लेकीने वाकून पाहिलं. "बाबा, अकरा वर्षं आहात. आपण चौघंही आहोत. पासवर्ड काय?"

पासवर्ड कुणाला माहीत? कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई आल्या.

"सर, तुमचं कुटुंब-खातं आहे. दर वर्षी प्रवासाआधी प्रमुखांकडून तुमचे सभासद क्रमांक कळवले जायचे, त्यामुळे आमच्या विमानांतल्या तुमच्या सगळ्या फेऱ्यांचे पॉइंट कुटुंबप्रमुखाकडे जमा झालेत. प्रमुखांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

"प्रमुख मीच आहे."

"नाही, सर."

बायकोने मान वर केली. "मग मी असेन."

"मॅडमही नाहीत. मोबाइलचे शेवटचे आकडे तीन, नऊ."

साहेब खाडकन उभे राहिले. तो नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. अकरा वर्षांपूर्वी आईच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी हा फॉर्म भरला होता. 'कुटुंबप्रमुख' या रकान्यापाशी पेन अडलं. आई समोर बसलेली असताना तिथे स्वतःचं नाव कसं लिहायचं? त्यांनी तिचं लिहिलं. मग बाकीच्या कंपन्याही बघू, म्हणून फॉर्म टेबलावरच ठेवून ते निघून आले.

"मी तो पाठवलाच नव्हता," ते पुटपुटले.

"सासूबाईंनी टाकला असेल पोस्टात. त्यांना पडून राहिलेलं काही बघवत नाही. अहो, साडेचार झाले, तिकिटं काढा आता."

"अकरा वर्षांचे पॉइंट आहेत. एका ओटीपीचा प्रश्न आहे."

त्यांनी आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. आईचा फोन कधी बंद नसे. घरच्या फोनची घंटा नुसती वाजत राहिली. पाचाला दहा कमी असताना तिच्या शेजारीणबाई फोनवर सापडल्या.

"कालपासून कुलूप दिसतंय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

ओटीपी, पॉइंट, तक्ता, सगळं डोक्यातून उडालं. पाच वाजून दोन मिनिटांनी तिकीटवाल्याचा निरोप आला : जागा गेल्या. तो कुणी धड वाचलाही नाही. लेक तिकडच्या हॉस्पिटलांचे नंबर शोधत होती, बायको पाण्याचा पेला घेऊन नुसतीच उभी होती. साहेबांना एकच दिसत होतं. गेल्या वर्षी गेलो असतो तर निदान भेट तरी झाली असती.

सव्वापाचला अनोळखी नंबरावरून फोन आला. नंबर इथलाच, याच शहरातला.

"अरे, मी उतरलेय," आई म्हणाली. "माझा फोन इथे चालत नाही, एका बाईंचा मागून घेतलाय. न्यायला ये."

साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. "आई, कळवायचंस तरी."

"कळवलं असतं तर तू तक्ता केला असतास."

विमानतळावर आई ट्रॉलीला टेकून उभी होती, चौदा तासांचा प्रवास झाल्याचं चेहऱ्यावर नावसुद्धा नाही. तिला पाहताच साहेबांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी बॅग उचलली.

"पार पुढे बसवलं मला. पाय लांब करून झोपले," आई म्हणाली. "दर वर्षी त्यांचं पत्र यायचं, इतके साठले, तितके साठले. गेल्या वर्षी तुम्ही आला नाहीत तेव्हा म्हटलं, आपणच जावं."

"किती उरलेत?" सवयीने साहेबांच्या तोंडून निघालंच.

"एकही नाही. येण्यापुरतेच पुरले. परतीचं तिकीट काढायचं राहिलंय. कुठल्या कंपनीचं काढायचं, ते तू ठरव."

बायकोने तोंड फिरवलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"आज रात्रीच बघतो," साहेब म्हणाले.

"छे रे. सगळ्या कंपन्या नीट बघ. तीन-तीनदा तपास," आई गाडीत बसत म्हणाली. "मला काही घाई नाही."