टेकाडवाडीचं पाणी आणि साक्षीची दिलगिरी

“आगगाडीची घोषणा केल्यासारखं वाचू नकोस गं. समोर आपली माणसं बसलीत असं समजून बोल,” असं प्रभावतीताईंनी मंगळवारी सांगितलं. साक्षीने ते फारच मनावर घेतलं आणि सगळं तिथूनच बिघडलं.

टेकाडवाडी कुरुळीच्या पुढे, दोन कंपन्यांच्या कुंपणांमध्ये उरलेली. दूध संस्थेच्या जुन्या खोलीत गावाचं रेडिओ केंद्र होतं आणि प्रभावतीताई त्याच्या सर्वेसर्वा. शहरातल्या एका केंद्राशी त्यांनी बातम्यांची देवाणघेवाण ठरवली होती. इकडची कोथिंबीर नि शेवंती किती निघाली ते तिकडे कळायचं, तिकडची नोकरभरती नि दवाखान्याची शिबिरं इकडे. साक्षी तिथे महिन्याच्या बोलीवर वाचायला लागली होती. महिनाभरात एकही चूक झाली नाही तर कायम, नाहीतर नमस्कार. तीन दिवस उरले होते, आणि तिच्या वडिलांनी कंपनीत सेकंड शिफ्टला पेढे वाटूनही टाकले होते.

बुधवारी चार वाजता तिने शहराकडून आलेला कागद उचलला. वर ‘शहरवार्ता’ असं लिहिलेलं होतं. पण आपल्या माणसांशी बोलताना ‘शहरवार्ता’ असं कोण म्हणतं? तिने तो शब्द गाळला आणि अगदी घरातल्यासारखं सांगितलं, “मावशी, काकू, ऐका बरं का. नळाचं वेळापत्रक बदललंय. उद्यापासून पाणी दिवसाआड.”

शहरात रोज पाणी यायचं, तिथे ही बातमी ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला असेल. टेकाडवाडीत पाणी पाचव्या दिवशी यायचं. चावडीवरच्या भोंग्यातून हे शब्द बाहेर पडले आणि गावात सण असल्यासारखं झालं.

सहाला साक्षी घरी निघाली तर गल्लीभर गोधड्या वाळत होत्या. तिला वाटलं, कुणाकडे लग्न आहे. शेजारच्या जाईबाई दारात बसून अकरावी गोधडी धोपटत होत्या. वरच्या आळीत म्हशींना अंघोळी चालल्या होत्या. तिच्या आईने तर पिंप उपडं करून आतून घासून काढलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं. पाणी कालच येऊन गेलं होतं, म्हणजे आता शनिवारी येणार, आणि हे सगळं गाव हंडे रिकामे करून उद्याची वाट बघत होतं. साक्षी मटकन उंबऱ्यावरच बसली. तिला रडू आलं, ते नोकरीसाठी की गोधड्यांसाठी हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिने ताईंना फोन करून सगळं कबूल केलं. ताई म्हणाल्या, उद्या अकराला दुरुस्ती वाचायची, मजकूर मी लिहिते, नोकरीचं त्यानंतर बघू.

गुरुवारी सकाळी सातला नळ आले.

कसे आले ते कळायला वेळ लागला नाही. पाणी सोडणारे चिमाजीनाना सरकारी माणसाच्या वरताण नियमाने चालणारे. रेडिओवर ऐकलं, म्हणजे हुकूम निघाला, कागद मागून येईल, असा विचार करून त्यांनी चावी फिरवली होती. साक्षी धावतच टाकीवर गेली आणि पाणी पुरेल का, असं तिने विचारलं.

“पुरंल की. नवा पंप बसून दोन वर्सं झाली. टाकी रोज भरून वढ्याला वाहती,” नाना म्हणाले.

“मग पाचव्या दिवशी का सोडता?”

“जुना पंप व्हता तवा तसं ठरलं व्हतं. बदला म्हून कुनी सांगितलंच न्हाई.”

साक्षीने हे ताईंच्या कानावर घातलं. ताई तत्त्वाच्या पक्क्या. पाणी आलं ही वेगळी गोष्ट, आपण वाचलं ते गावाचं नव्हतं ही वेगळी, असं त्यांचं म्हणणं. अकराला साक्षीने त्यांच्याच अक्षरातला कागद वाचला. कालची बातमी टेकाडवाडीची नव्हती, आपलं वेळापत्रक पूर्वीचंच आहे, केंद्र दिलगीर आहे.

हे चिमाजीनानांनीही ऐकलं आणि तितक्याच नियमाने चावी बंद केली.

खालच्या आळीचे नळ जेमतेम सुरू झाले होते. दहा मिनिटांत केंद्राच्या दारात बादल्यांची रांग लागली. पुढे जाईबाई, कोपरापर्यंत साबणाने माखलेल्या. दिलगिरी मागे घ्या, एवढीच सगळ्यांची मागणी होती. गलका ऐकून सरपंच मालोजीराव आले, त्यांनी चावी घेऊन तिथे आलेल्या नानांना बाजूला घेऊन टाकीचं विचारलं आणि त्यांचा चेहरा पडला. दोन वर्षं पाणी ओढ्याला जात होतं हे बायांना कळलं तर पुढची निवडणूक त्याच ओढ्याने जाणार, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ते घसा खाकरून म्हणाले, “दिवसाआड पानी द्यायचं हे आपन मंगळवारीच ठरवल्यालं हाय. कागद तेवढा काढायचा राहिला.”

कुणी हसलं नाही, कारण पाणी हवं होतं. नाना चावी घेऊन पळाले. जाईबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

“म्हंजी पोरगी काल खरंच बोलली व्हती. मंग आज तिला खोटं वाचायला कुनी लावलं?”

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. ताईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं, खाली सहीसुद्धा. सरपंचांना खोटं ठरवावं तर पाणी जात होतं, खरं मानावं तर चूक ताईंच्याच नावावर लागत होती. तत्त्वाचा माणूस असा कात्रीत सापडलेला साक्षीने कधी पाहिला नव्हता.

“तुझ्या महिन्यात चूक नाही,” ताई तिला हळूच म्हणाल्या. “सरक जरा. माझी दिलगिरी मीच वाचते.”

बावीस जणींना रेडिओवर वाचायला शिकवणाऱ्या ताई पहिल्यांदाच माइकसमोर बसल्या. लाल दिवा लागला आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. साक्षी खाली वाकून त्यांच्या कानात म्हणाली, “ताई, समोर आपलीच माणसं आहेत.”