दोन साक्षीदारांचा इतिहास

सुकलालआप्पांना कुणी "आज भाकरी झकास झालीय" म्हटलं, तरी ते विचारतात, "दुसरा साक्षीदार?" पंगतीतल्या आणखी कुणीतरी मान डोलावल्याशिवाय भाकरी झकास ठरत नाही. खानावळीच्या काकू वैतागून उलथणं आपटतात, एवढंच.

आप्पा सुरतेच्या नवागाममध्ये माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून राहतात. उभी हयात लूमवर कापड विणण्यात गेली. आता साड्यांच्या घड्या घालायला जातात आणि उरलेला सारा वेळ आपल्या निंबखेड्याचा इतिहास लिहितात. निंबखेडं म्हणजे खानदेशातलं शंभरेक उंबऱ्यांचं गाव. मी अकोल्याचा, ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तिथं पिठाची गिरणी कुणी आणली, हे मला झोपेतही सांगता येईल.

हा इतिहास साडीच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेला आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला नटलेल्या बाईचं चित्र, दुसऱ्या बाजूला आप्पांचं अक्षर. पेंढाऱ्यांनी गाव लुटलं, मागे बाई हसतेय. प्लेगात सारं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं, तरी बाई हसतेय. पहिली सायकल, पहिला रेडिओ, गाव सोडून सुरतेला आलेला पहिला माणूस, सगळं त्यात आहे.

नियम एकच. दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय काही लिहायचं नाही. पेंढाऱ्यांनासुद्धा, दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या आजोबांकडून ऐकलेलं जुळलं, तेव्हाच आत घेतलं. गावाकडचं कुणी सुरतेला उतरलं की आप्पा चहाच्या आधी त्याची उलटतपासणी घेतात.

एकदा मी छेडलं, "आप्पा, एवढी कोर्टकचेरी कशाला? वाचणार कोण?"

त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा पुठ्ठा काढला. "हाऊ चंद्रीना शे."

चंद्री त्यांची धाकटी बहीण. चार वर्षांची होऊन तापानं गेली. तिचा फोटो नाही, शाळेत नाव नाही, कुठल्याच कागदावर ती नाही. आईबापही आता नाहीत. "ती व्हती, हाई सांगनारा मी एकलाच ऱ्हायनू," आप्पा म्हणाले. "एक साक्षीदार पुरत नही." स्वतःच्या बहिणीसाठी नियम मोडला तर बाकीचं गाव खोटं पडेल, असं त्यांचं म्हणणं. थट्टा केल्याची मला लाज वाटली.

यंदा आखाजीच्या सणाला आमची अर्धी गल्ली खानदेशात गेली आणि तिकडून निंबखेड्याची भिमाआजी नातवाकडे राहायला आली. चंद्रीच्या वेळची एवढी एक बाई अजून उरलीय, हे आप्पांना तेव्हाच कळलं. आप्पांनी धुतलेला सदरा चढवला आणि स्वतःच्या बहिणीचं स्वतः लिहायचं नाही म्हणून मला बरोबर घेतलं. वाटेत म्हणाले, साक्षीदार आधी पारखायला हवा.

म्हणून त्यांनी मनचंच काहीतरी विचारलं. "आजी, आपला गावमा हत्ती येल व्हता, याद शे का?"

आजी खुलली, केळं पुढे केल्यासारखा हात केला. "शे ना! केवढा थोरला! मना हातनं केयं खादं त्यानी!"

निंबखेड्यात हत्ती कधीच आला नव्हता. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ते चटईच्या काड्या मोजत बसले. मग हळूच, लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "आन मनी चंद्री?"

"व्हती ना रे! मनी मांडीवर बशीसन शेंगा खाये."

आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी कोरा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "लिख."

मी लिहिलं. चंद्री, सुकलालची बहीण, निंबखेड्यात चार वर्षं होती. खाली दोन साक्षीदार.

बाहेर आल्यावर मात्र मला राहवलं नाही. "आप्पा, आजीची साक्ष खरी धरायची, तर मग तो हत्ती?"

आप्पा गल्लीच्या मधोमध थांबले. नाक पुसलं, पिशवीतून दुसरा पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला.

"तो बी लिख," म्हणाले. "दुसरा साक्षीदार मी."