शेवंताबाईंच्या सुना

घरातल्या दोन खोल्या भाड्याने देताना शेवंताबाईंनी मला एकच अट घातली. घरात कुकरची शिट्टी वाजता कामा नये.

नवरा कुठे असतो, मटण-मासळी खाता का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. टेम्पोतून सामान उतरत होतं. त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या, पोत्यातून कुकर बाहेर काढला, शिट्टी उपटली आणि कमरेला खोचली.

"भात खाचा असन तं गंजात शिजव, मॅडम. माह्या घरात लेकुरवाळ्या हायेत. शिट्टी झाली का दचकतेत, अन् अंड्यावरून उठून जातेत."

मॅडम म्हणायचं आणि लगेच 'तू' करायचं, ही त्यांची पद्धत. मी मागच्या पडवीत डोकावून पाहिलं. भिंतभर जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत आडवी टांगलेली मडकी, आणि चिमणीएवढे हिरवे, पिवळे, निळे पोपट एकाच वेळी बोलत होते. एकही ऐकत नव्हता. एवढ्या कलकलाटात न दचकणाऱ्या लेकुरवाळ्या माझ्या एका शिट्टीने दचकतील हे मला पटलं नाही. पण तेव्हा मी थकलेली होते. पुढेही थकलेलीच राहिले, त्यामुळे तो वाद कधी झाला नाही.

माझी बदली नागपूरहून चंद्रपूरच्या ऑफिसात झाली होती. चंद्रपुरात मनासारखी खोली मिळेना, म्हणून भद्रावतीला राहायचं आणि रोज एसटीने जा-ये करायची. नवरा आणि मुलगी नागपूरला. संध्याकाळी बसमधून उतरले की अंगावर रस्त्यावरची कोळशाची धूळ आणि डोक्यात ऑफिस. अशा बाईला कुकर लागतो. तो गॅसवर चढवून शिट्ट्या होईपर्यंत पाय लांब करता येतात. मी मात्र गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण ठेवून भात उतू जातो का ते बघत उभी राहायची, आणि शेवंताबाई दारात येऊन बसायच्या. त्यांना दिवसभराची हकिगत सांगायची असायची.

या पक्ष्यांना सगळं गाव 'लवबर्ड' म्हणतं. बाईंना तो शब्द खपत नसे.

"लवबर्ड नोको म्हणू. बजरी हाय ते. लव-फव काई नसते याईच्यात. संसार असते."

हा संसार त्या नात्यागोत्यांनी सांगत. पक्ष्यांना नावं नव्हती, नाती होती. पिवळी ती थोरली सून. निळी ती धाकटी. पांढरट होती ती नणंद, आणि तिचा स्वभाव बाईंच्या मते "पहिलेपासूनच वाकडा". एक म्हातारा हिरवा नर होता, त्याला त्या मामंजी म्हणत आणि त्याच्यासमोर आवाज जरा खाली आणत. मडक्यात कोण बसलं, कोणाची अंडी वांझ निघाली, कोणता नर बायकोला मडक्यात भरवतो आणि कोणता नुसता दांडीवर बसून डुलतो, हे मला रोज ऐकावं लागे. ऐकता ऐकता मला ते पाठ झालं, हे त्याहून वाईट. एकदा ऑफिसात जेवताना मी सहज बोलून गेले, "नणंदेनं धाकट्या सुनेचं डोकं पार सोलून काढलं हो, रक्त आलं." समोरच्या बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी पोलिसांत तक्रार केली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "नाही, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं." त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

पिल्लं पिसांनी भरून दाणे टिपायला लागली की बाई ती द्यायच्या. पण घ्यायला आलेल्या माणसाला आधी ओट्यावर बसावं लागे. घरात मांजर हाय का? पंखा कुठी हाय? पिंजरा उन्हात ठेवशीन का सावलीत? घरी दिवसभर कोण राह्यते? दारू पेतेस का? मुलगी देताना विचारतात त्याहून दोन प्रश्न जास्तच.

एकदा जंगलालगतच्या मोहर्लीहून एका रिसॉर्टचा माणूस जीप घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याला मोठ्या पिंजऱ्यासकट जोड्या हव्या होत्या, पाहुणे येतात-जातात तिथे ठेवायला.

"तिथी लोकं काय पाहाले येतेत?" बाईंनी विचारलं.

"वाघ."

"मंग वाघ दाखव ना बापा. माह्या पोराईले काऊन मधात घेतेस?"

"बाई, शोभा येते."

"शोभेसाठी नाई देत मी कोणाले," असं म्हणून बाई उठल्या. त्याला चहा मात्र दिला. तो चहा पिताना पिंजऱ्यांकडे असा बघत होता, की स्थळाने नकार दिलेल्या नवऱ्या मुलाची मला आठवण झाली.

बाईंच्या स्वतःच्या संसाराबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. घर त्यांच्या वडलांचं. पूर्वी कामगारांची खानावळ चालवायच्या, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं होतं. गळ्यात काळी पोत होती, घरात पुरुष नव्हता. दुसऱ्याच्या घरात डोकावायला अंगात जोर लागतो, आणि तो माझा सगळा बसमध्ये संपायचा.

मे महिना लागला. इकडचा मे म्हणजे सकाळीच दार उघडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. बाईंनी पिंजऱ्यांवर ओली पोती टाकली, कूलर पडवीकडे वळवला आणि स्वतः आतल्या खोलीत घामाघूम होत राहिल्या. अशातच थोरली सून गेली. अंडं अडलं होतं. बाईंनी एरंडेल लावून पाहिलं, कोमट फडक्यात धरून पाहिलं. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या पडवीत बसल्या होत्या आणि पिवळी त्यांच्या मांडीवर होती.

तिच्या मडक्यात आधीची चार पिल्लं होती. ही अंडी एक दिवसाआड घालतात, त्यामुळे पिल्लंही एकाआड एक निघतात. चौघं चार मापांची होती. सगळ्यात मोठ्याला पिसांचे खुंट फुटले होते, सगळ्यात धाकटं म्हणजे उघडंवाघडं गुलाबी मांस, डोळेही न उघडलेलं. बाप एक-दोनदा मडक्यात डोकावला, आणि मग दांडीवर जाऊन डुलायला लागला.

"तो नाई करत," बाई म्हणाल्या. "आपल्यालेच करा लागन."

त्या 'आपल्या'मध्ये मी कधी शिरले, मला कळलं नाही.

राळ्याच्या पिठाची पातळ पेज करायची. ती गरम झाली तर पिल्लाचा गळा भाजतो, थंड झाली तर आत गोळा होऊन बसते. चमच्याच्या कडा वाकवून त्याची चोच केली होती. पिल्लू ओंजळीत धरायचं, मान दोन बोटांत अलगद सावरायची, आणि थेंब थेंब सोडायचं. गळ्याखालची पिशवी फुगली की थांबायचं. बाईंना हे सगळं येत होतं, पण त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. चमचा धरला की पिल्लू निसटे, पिल्लू सावरलं की चमचा सांडे. म्हणून पिल्लू मी धरायचं आणि बाईंनी दोन्ही हातांनी चमचा धरून भरवायचं. बसच्या आधी एकदा, बसवरून आल्यावर पुन्हा. दिवसभरात मधल्या वेळी बाई एकट्याच झगडत.

मला वैताग आला नाही असं नाही. नागपूरहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मला तू कधी इतकं भरवलंस का गं?" मी फोन ठेवला आणि हात धुऊन पडवीत गेले. चौघांनी माना वर करून चोची उघडल्या होत्या. थकलेल्या माणसाला नाही म्हणायला सुद्धा ताकद लागते.

धाकटं शुक्रवारी गेलं. मी ऑफिसातून आले तर बाई सीताफळाच्या झाडाखाली माती सारखी करत होत्या. "हात कापला माहा," त्या म्हणाल्या. "नाकात गेलं त्याच्या." त्या दिवशी दारात बसून सुनांची हकिगत त्यांनी सांगितली नाही. मी गंजात भात लावला, तो पूर्ण शिजेपर्यंत दाराकडे बघत राहिले. मला ती हकिगत हवीशी वाटली, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

रविवारी भर दुपारी लाइट गेली. कूलर बंद. पोती बघता बघता वाळली. मी बोअरिंगवरून बादल्या आणून पोती भिजवत होते आणि बाई पिल्लांना भरवायची वेळ झाली म्हणून खाली बसल्या होत्या. तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. उंच, वाकलेला, डोक्याला टॉवेल, हातात कापडी पिशवी.

"शेवंते," तो म्हणाला.

बाईंना नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी वर पाहिलं. उठल्या नाहीत.

"जरा नीळ्ळू दे," तो म्हणाला, आणि मग चुकल्यासारखा, "पाणी. पाणी दे."

सिरोंच्याकडची माणसं तेलुगूत पाण्याला असं म्हणतात, ते मला ऑफिसातल्या शिपायामुळे माहीत होतं. मी तांब्या नेऊन दिला. त्याने तो उंच धरून घटाघटा पाणी प्यायलं आणि पडवीच्या पायरीवर बसला.

"कुठी निघाले?" बाईंनी पिल्लाकडे बघतच विचारलं.

"उद्या चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती व्हाचं हाय. पोटात गाठ सांगतली. म्हटलं, वाटेत हाय तं भेटून घ्याव."

"सिरोंच्याहून येतानी चंद्रपूर अगोदर लागते," बाई म्हणाल्या. "भद्रावती त्याच्या पुढं हाय. वाटेत कशी आली?"

तो टॉवेलने तोंड पुसत राहिला.

बाईंनी चमचा उचलला. पेज पिल्लाच्या पाठीवर सांडली. मी बादली खाली ठेवून पुढे झाले, पण म्हातारा माझ्याआधी सरकला होता. त्याने बाईंच्या समोर बसून दोन्ही हातांची ओंजळ केली. बाईंनी क्षणभर त्या ओंजळीकडे पाहिलं आणि पिल्लू तीत ठेवलं.

"घट्ट नोको धरू," त्या म्हणाल्या. "ते काई पळून नाई चाललं."

त्याने बोटं सैल केली. एकामागून एक तिन्ही पिल्लांचं झालं. दोघांच्या माना खाली, दोघंही पिल्लाच्या चोचीकडे बघत होते. वरच्या पिंजऱ्यांत तेवढ्या उन्हातही भांडणं चालू होती. मी ओल्या पोत्याचं पाणी पिळत उभी होते, आणि तिथून निघून जावं असं मला फार वाटत होतं, पण जायला वाट त्या दोघांच्या मधूनच होती.

मग बाईंनी त्याला भात आणि वरण वाढलं. त्याने थोडंसंच खाल्लं. ऊन उतरायला लागलं तसा तो पिशवी उचलून उठला. फाटकापर्यंत बाई गेल्या नाहीत.

तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर त्या म्हणाल्या, "माहा नवरा होय."

मग त्या आपणहून सांगत राहिल्या. नणंदेची भांडणं सांगायच्या त्याच आवाजात. "सिरोंच्याले नदीवर पुलाचं काम निघालं होतं. चार महिन्यांत येतो म्हणून गेला. तिकडंच एक घर केलं. पूल बनला, लोकं इकडचे तिकडं अन् तिकडचे इकडं जाऊन राह्यले, बस सुरू झाली. हाच तेवढा नाई आला." पेजेची वाटी त्यांनी बोटाने निपटून काढली. "ती बाई मेली म्हणते मागच्या साली. पोरगं हैदराबादले हाय. संगं कोणी नाई आलं."

"बाई, तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत," मी म्हटलं.

"पिल्लं धरून होता ना. तवा काय बोलू?"

लाइट आली. कूलर घरघरला, पक्षी एकदम ओरडले आणि शांत झाले. बाई पिल्लांवर फडकं टाकून उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"एवढ्या उन्हाचा आला, पण हात थंडे होते त्याचे," त्या म्हणाल्या. "लागले माह्या हाताले. अगदी थंडे."

मी चहा ठेवला. त्या दारात येऊन बसल्या, पण हकिगत सुरू होईना. चहा संपला तरी कप हातातच होता.

"मॅडम, तू तं रोज जातेस चंद्रपूरले. दवाखान्यात भेटाले कोणत्या टायमाले सोडतेत?"

"संध्याकाळी सोडतात. मी ऑफिसातून थेट दवाखान्यात येते, तुम्ही तिथे या."

"पोराईले खाऊ घालून निघा लागन," त्या म्हणाल्या. "अन् लवकर परत या लागन." मग कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. या भेटायला जाण्याबद्दल माझ्या मनात कुठलाही गैरसमज राहू नये असं त्यांना वाटत असावं.

"राग हाय माहा त्याच्यावर," शेवंताबाई म्हणाल्या. "तो काई कमी नाई झाला. तो वेगळा."