बोटं धुवायच्या वाडग्यातली मोटर

लेक शम्साची सोयरीक जुळली, त्या वर्षीची गोष्ट. बिरकत अल-मौज गावच्या मुहन्नाच्या रिमोटवर चालणाऱ्या हातभर गाडीने वादीतले, म्हणजे कोरड्या नदीपात्रातले, खडक चढणं सोडून दिलं होतं. मोटरमधले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. चढ आला की गाडी म्हाताऱ्या गाढवासारखी कण्हायची!

“नवी मोटर आणलीय. या शुक्रवारी वादीतल्या शर्यतीत पहिला नंबर माझाच!” मुहन्नाने बायकोला बजावलं. “मोटर बसवणं माझ्या हातचा मळ आहे.”

“आधी दाढी विंचरा,” झुवैना म्हणाली. “आत्ता मुलाकडचे येतील. शम्साने हो म्हटलंय, आता तुम्ही माती खाऊ नका!”

नव्या मोटरचे ब्रश नीट बसावेत म्हणून तिला आधी पाण्यात बुडवून हळू फिरवायचं, मग सुकवून लगेच तेल द्यायचं, अशी रीत. मुहन्नाने हाताला लागलं ते वाडगं घेतलं. मोटर गुरगुरली. पाणी काळंशार! तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. मोटर टॉवेलात गुंडाळून तो तसाच पाहुण्यांना सामोरा धावला.

वाडगं होतं पाहुण्यांनी बोटं धुवायचं. तांबं इतकं काळवंडलेलं, की आतल्या पाण्याचा रंग कुणाला कळणार? झुवैनाने घाईघाईने वर गुलाबपाणी शिंपडलं आणि वाडगं थेट बैठकीत नेऊन ठेवलं.

मुलाचे वडील खल्फान मोठे गंभीर गृहस्थ. त्यांनी बोटांनी हलवा खाल्ला, वाडग्यात बोटं बुचकळली आणि पांढऱ्याशुभ्र दाढीवरून सावकाश हात फिरवला.

दाढी निम्मी काळी!

पडद्याआड शम्साने कपाळावर हात मारला. झालं, मोडली सोयरीक!

खल्फाननी बोटं पाहिली. मग हुंगली.

“कार्बन,” ते म्हणाले. “किती व्होल्टवर फिरवलीत?”

“त... तीन.”

“तरीच! मी सहावर फिरवतो आणि दर वेळी जाळतो.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “अहो, बायकोने दटावून पाठवलंय, तिथे गाड्यांचं नाव काढलंत तर पोरगी देणार नाहीत म्हणून!”

मुहन्नाच्या छातीवरचा धोंडा उतरला. झुवैना भिंतीला टेकून पोटभर हसली. सगळ्यांनी फातिहाची प्रार्थना पढली आणि लग्न पक्कं झालं.

या आनंदात टॉवेलातली मोटर शुक्रवार सकाळपर्यंत कुणालाच आठवली नाही. शुक्रवारी वादीत पहिला नंबर व्याह्यांनी नेला. मुहन्नाने घाईत बसवलेली नवी मोटर, तेलाचा थेंबही न मिळता, त्याच दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानीआधी दुसऱ्या खडकावर वारली.