पाणी कुठल्या विहिरीचं

हलीमाखालाकडं औषधाला गेलं, की ती नाडी धरायची नाही आणि जीभही बघायची नाही. पायरीवर बसवून पहिलं विचारायची, "पानी कुठल्या हिरीचं पिता?"

भूमला आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नवरा पिंजारी होता, तो वारला. मूलबाळ नाही. खालाजवळ औषध एकच, उपळसरीची मुळी. अंगावर गळवं उठली, उपळसरी. उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली, उपळसरी. लेकरू हडकलं, हातापायांची आग होते, तरी तीच. एकदा एकजण म्हैस आटली म्हणून आला, तर त्यालाही तिनं वीतभर मुळी दिली. म्हशीला नव्हे, त्याला. म्हणाली, "म्हशीवर लई वरडतोस. आधी तुझं डोस्कं थंड कर."

डोंगरात दगडांच्या सांदीत ही वेल जमिनीलगत पसरते. पान लांबट, मधोमध पांढरी रेघ. तोडलं की दुधासारखा चीक येतो. मुळी बोटापेक्षा बारीक, पण मोडली की घरभर गोड, गार वास सुटतो. खाला वेलीला आधी सलाम करायची, मगच खुरपं लावायची. अर्धीच मुळी घ्यायची आणि उरलेलीवर माती दाबून उठायची. सगळी का काढत नाही विचारलं तर म्हणायची, "तिला बी माहेर ठिवावं."

मुळी सहाणेवर कशी घासायची ते ती प्रत्येकाला करून दाखवायची. ती डावरी होती. डाव्या हातानं घासायची, त्यामुळं मुळी उलटी फिरायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या तोंडावर त्या डाव्या हाताला नाक मुरडायच्या आणि घरी येऊन मुळी घेताना म्हणायच्या, औषधाला विटाळ नसतो.

तिचा खरा हट्ट पाण्याचा. "मुळी मुकी, पानी बोलतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी कुठल्या पाण्यात घासून प्यायचं ते ती सांगायची, आणि ते कधी सोपं नसायचं. रंगनाथ टेलरला मानेवर गळवं झाली तेव्हा तिनं सांगितलं, सात दिवस सख्ख्या भावाच्या घरचं पाणी, आणि ते मागून आणायचं. भाऊ दोन घरं सोडून राहत होता, पण एका चिंचेच्या झाडापायी दोघांचं बोलणं पाच वर्षं बंद होतं. टेलर तीन दिवस गळवं घेऊन फिरला. मान वळेना, मशीन चालवता येईना, शेवटी तांब्या घेऊन गेला. पाणी मागायच्या चौथ्या दिवशी भावानं पाण्याऐवजी चहा दिला. टेलर आनंदानं खालाला सांगायला आला, तर ती भडकली. चहात मुळी चालत नाही, म्हणून पुन्हा पहिल्या दिवसापासून सात दिवस मोजायला लावले.

सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर हसायचे. पाणी ते पाणी, म्हणायचे. खालाला त्याचा राग नव्हता. त्यांच्या बाटलीतल्या लाल औषधात कुठल्या विहिरीचं पाणी असतं, एवढंच ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची.

आता माझं सांगते. लग्न होऊन मी भूमला आले आणि चार वर्षं माहेरी गेले नाही. दोन म्हशी, अकरा माणसं, कोण पाठवणार? मला बोलायची सवय नाही. मी खाली बघून काम करणारी. पुढं पुढं तळपायांची आग व्हायला लागली, जेवण जाईना. आत्याबाई मला खालाकडं घेऊन गेल्या. खालानं विचारलं, माहेर कुठलं? मी म्हणाले, ईट. तिनं हातातली मुळी परत खाली ठेवली. मग म्हणाली, एकवीस दिवस मुळी घ्यायची, पण ईटच्या पाण्यात.

आत्याबाई हुशार. म्हणाल्या, एसटीनं घागर मागवते.

"घागरीत पानी वाटंत मरतंय," खाला म्हणाली. "हिनं हिरीवर जाऊन प्यावं."

मी एकवीस दिवस आईकडं राहिले. तिसऱ्या दिवशीच भाकरी गोड लागली, पण कुणाला सांगितलं नाही. परत आले तेव्हा खालानं माझ्या पायांचं काही विचारलं नाही. "पानी कसं हाय ईटचं?" एवढंच विचारलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात माझे पाय आग करायचे आणि दर उन्हाळ्यात खाला मला ईटला पाठवायची. आल्यावर प्रश्न तोच. मी म्हणायची, चांगलं आहे. दहा वर्षं मी तेवढंच म्हणत आले.

मग एका वर्षी खालाच आजारी पडली. ताप उतरला, पण अन्न बंद झालं. कंपाउंडर स्वतः येऊन गोळ्या देऊन गेले, त्या उशाखाली तशाच. आठव्या दिवशी मी तिच्यासाठी मुळी आणि सहाण मांडली, तर तिनं तोंड फिरवलं. कुठल्या पाण्यात घासणार, म्हणाली. मी धीर करून विचारलं, "खाला, तुमचं माहेर कुठलं?"

"तुझंच. ईट."

मी सहाण बाजूला सारली. मग विचारलं, "इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"कुनी पुसलंच न्हाय."

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या साली तिचे भाऊ बायकापोरं घेऊन हैद्राबादेकडं गेले, ते परत आले नाहीत. घरात दुसरी माणसं राहायला आली. तिथं गेल्यावर कुणाकडं आले म्हणून सांगायचं, म्हणून ती त्यानंतर गेलीच नाही. मोमीन गल्लीतली विहीर, पिंपळाच्या अंगाला, असा पत्ता तिनं सांगितला. त्या गल्लीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना म्हणाले, ईटला जाऊन येते. मी आपणहून बोलले याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की का ते विचारायचं राहून गेलं. विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. काय सांगावं? मी तांब्या पुढं धरला. तहानलेली समजून तिनं भरून दिला. मी घोटभरही न पिता, तांब्यावर फडकं बांधून मागं फिरले. ती बाई अजून बुचकळ्यात असेल.

संध्याकाळी तांब्या खालाजवळ ठेवला. म्हणाले, "वाटेत पाणी मरतं म्हणायच्या तुम्ही."

"दुसऱ्याचं मरतं," ती म्हणाली आणि उठून बसली. पण पाण्याला हात लावेना. घराला दार कुठल्या रंगाचं आहे, कोण राहतं, अंगणातला लिंब आहे का, सगळं एका दमात विचारलं. मला यातलं काहीच सांगता येईना. मी वर बघितलंच नव्हतं.

"खुळे, मग बघितलंस काय?"

माझे डोळे भरून आले. म्हणाले, "काठाचा दगड बघितला. दोर घासून त्याला खाचा पडल्यात."

"किती?"

"तीन खोल. आणि डाव्या कडेला एकटीच एक, बारीक."

"करंगळीयेवढी?"

"होय."

दगड किती वर्षांत झिजतो, मला माहीत नाही. खालानं तांब्यावरचं फडकं सोडलं.

"डावरी पोर, समद्यांच्या दोराला आडवी येती," ती म्हणाली. "अम्मी मला बाजूला हुबी करायची. ती खाच माजी हाय."

मग तिनं सहाण पुढं ओढली, तांब्यातलं चार थेंब पाणी त्यावर टाकलं आणि मुळी घासायला लागली, डाव्या हातानं.